सुट्टीत लेकरांना क्लासला पाठवायचं का?

पांढरकवड्याजवळच्या एका गावातल्या शेतकरी पालकांनी विचारलं आहे. मुलगा नववी पास होऊन दहावीत जाणार, मुलगी चौथीतून पाचवीत. यवतमाळच्या एका क्लासने मुलासाठी 'व्हेकेशन बॅच' सुचवली आहे, 1 मे ते 15 जून, राहणं-जेवण धरून 18,000 रुपये. मुलगी वाचताना अडखळते, तिलाही कुठंतरी बसवावं असं तिची आई म्हणते. आजीचं म्हणणं वेगळंच: "एवढ्या उन्हात पोट्टे मारता काय? जाऊ द्या त्यायले मामाच्या गावी." तर काय करावं?

दादा, आधी मुलीचं बोलू. मुलाच्या क्लासचे पैसे मोठे म्हणून घरातली सगळी चर्चा त्याच्याभोवती फिरते, पण उन्हाळी वर्गाचा सगळ्यात जास्त फायदा तिसरी ते सहावीच्या लेकराला होतो, आणि त्याला खर्च फार येत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांत शिक्षक आणि पुढे केंद्रप्रमुख म्हणून माझी नोकरी झाली. निवृत्तीनंतरही दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या गावातल्या वर्गाला हातभार लावत असतो, त्यावरून बोलतो. पुढच्या इयत्तेचं आधीच शिकवून देतो म्हणणाऱ्या वर्गाला पैसे देऊ नका. मागचं राहून गेलेलं भरून काढणारा वर्ग गावात, सकाळी, ऊन तापायच्या आत भरत असेल, तर लेकराला जरूर बसवा.

आपल्याकडची सुट्टी कागदावर दिसते त्यापेक्षा बरीच लांब असते. राज्यात इतरत्र शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात उन्हामुळे त्यानंतर. 2024 मध्ये 1 जुलैला उघडल्या, 2025 मध्ये 23 जूनला. पण लेकराचं शिकणं 1 मेच्या कितीतरी आधी सुटलेलं असतं. मार्चअखेर मोहफुलं पडायला लागली की जंगलाकाठच्या गावांत लेकरं पहाटे ती वेचायला जातात आणि वर्ग रिकामा. मग सकाळची शाळा, मग परीक्षा, मग लग्नं. शाळा उघडते तेव्हा पाऊस आलेला असतो आणि घरातली सगळी माणसं सरकी लावायला वावरात. नऊ-दहा वर्षांची पोरगी धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहते. म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीपासून जुलैच्या मध्यापर्यंत तिच्या हातात पुस्तक नसतं. शाळेच्या हजेरीपटावर हे सगळं दिसत नाही, म्हणून पालकांना आणि साहेबांनाही ते लक्षात येत नाही.

एवढ्या काळात काय विसरतं? अमेरिकेत हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये यावरचे जुने अभ्यास एकत्र करून पाहिले. सुट्टीत सरासरी महिनाभराचं शिक्षण पुसलं जातं, गणितात जास्त, आणि वाचनात गरीब घरच्या मुलांचं नुकसान अधिक, असं त्यांना आढळलं. पुढच्या संशोधकांनी या आकड्यावर शंका घेतल्या आहेत आणि अमेरिकेची सुट्टी आपल्याला तशीच्या तशी लागूही पडत नाही. आपल्या देशातलं उदाहरण हवं तर कोरोनाच्या बंद शाळांचं घ्या. अझीम प्रेमजी विद्यापीठाने 2021 च्या सुरुवातीला पाच राज्यांतल्या 16,067 मुलांची पाहणी केली, तेव्हा 92 टक्के मुलं आदल्या वर्षी येत असलेलं भाषेचं किमान एक कौशल्य गमावून बसली होती. ती सुट्टी वर्षभराची होती, उन्हाळ्याची तीन महिन्यांची. पण वर्गात उभं राहिलेल्या माणसाला जूनअखेर जे दिसतं ते त्याच जातीचं असतं: हातच्याची वजाबाकी गेलेली, भागाकार गेलेला, आणि जोडाक्षर आलं की डोळे गुरुजींकडे.

तुमच्या भागात आणखी एक गोष्ट आहे. कोलाम आदिवासींच्या पोडावरच्या, म्हणजे त्यांच्या छोट्या वस्तीतल्या, लेकरांच्या घरात कोलामी बोलली जाते, काही गावांत गोंडी. त्यांच्या कानावर मराठी पडते ती मुख्यतः शाळेत. तीन महिने शाळा नाही म्हणजे तीन महिने पुस्तकाची भाषाच नाही. त्यांना जूनमध्ये 'मंद' म्हणणारे शिक्षक पाहिले की मला राग येतो. तेच लेकरू पोडावर रानातल्या दहा झाडांची नावं घडाघडा सांगतं. तुमच्या गावात वर्ग सुरू केलात तर ही लेकरं आधी बोलवा.

आता मुलीची तपासणी. यासाठी क्लासवाल्याची टेस्ट लागत नाही, पाच मिनिटं पुरतात. दुसरीचं बालभारतीचं पुस्तक घ्या आणि कुठलाही अनोळखी परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगा. बोट ठेवून एकेक अक्षर जोडत असेल तर ती अजून शब्दांच्या पातळीवर आहे. परिच्छेद सुरळीत गेला तर लांब गोष्ट द्या, आणि शेवटी गोष्टीत काय झालं ते विचारा. वाचलं पण सांगता येत नाही, असंही पुष्कळदा होतं. चौथीत अडखळणाऱ्या बहुतेक लेकरांची गाडी एकाच जागी अडते असा माझा अनुभव आहे: जोडाक्षरं, आणि त्यातही र. 'सूर्य', 'चक्र', 'राष्ट्र', 'दऱ्या' या चार शब्दांत र चार रूपांत येतो. हे चार शब्द लिहून वाचायला द्या. 'सूर्य' ती 'सूय' किंवा 'सूयर' वाचत असेल तर दुखणं सापडलं. रोज रचे दहा-बारा शब्द आणि ते शब्द असलेली छोटी वाक्यं वाचून घेतली तर दोन-तीन आठवड्यांत फरक दिसतो. गणितात 52 मधून 27 वजा करायला सांगा आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला सांगा. उत्तरापेक्षा ती कुठे थांबते ते बघा.

वर्ग बसवताना पहिला नियम: इयत्ता विसरा. तिसरीचं आणि पाचवीचं लेकरू दोघंही शब्दांवर अडलेली असतील तर ती एका घोळक्यात बसतील. चौथीचं चांगलं वाचणारं लेकरू दुसऱ्या घोळक्यात. 'प्रथम' संस्थेने देशभर हीच रीत चालवली आहे, 2022 च्या उन्हाळ्यातल्या त्यांच्या 'कमाल का कॅम्प'मध्येही गावातले स्वयंसेवक आणि आयांचे गट यांच्याकडून असंच काम करून घेतलं होतं. शाळेत हे करायला अवघड जातं, कारण तिथं अभ्यासक्रम पुरा करायचा असतो. उन्हाळ्यात ती घाई नसते. हाच या वर्गाचा मोठा गुण, आणि म्हणूनच तिथं पाचवीचं पुस्तक उघडून पहिला धडा सुरू करणं मला पटत नाही. ओल नसताना केलेली ती धूळपेरणी आहे.

वेळ ऊन ठरवतं. साडेसहाला सुरू, साडेआठला बंद. नऊ वाजले की टिनाच्या खोलीत बसवत नाही, मग वर पंखा असो की कूलर. वीज कधी जाईल याचा भरवसा नाही आणि टिनाखाली पंखा गरम हवाच फिरवतो. शाळेची स्लॅबची खोली मिळाली तर उत्तम, नाही तर कडुनिंबाखाली ताडपत्री. समाजमंदिर चालेल, पण मे महिन्यात तिथं लग्नाची पंगत बसते, हे आधी पाहून घ्या. सगळ्यात महत्त्वाचं, लेकरू उपाशी यायला नको. रात्रीची भाकर असेल ती खाऊन यावं, येताना पाण्याची बाटली, डोक्याला दुपट्टा. डोकं दुखतं, मळमळतं म्हणालं की लगेच सावलीत निजवायचं, ओल्या फडक्याने अंग पुसायचं, शुद्धीवर असेल तर घोट-घोट ओआरएस द्यायचं. बरळायला लागलं किंवा शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही न घालता, अंग पुसत पुसत दवाखाना गाठायचा. ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवलेल्या कांद्यावर विसंबू नका.

आणि सलग दीड महिना वर्ग चालवायचा हट्टही धरू नका. मी दोन तुकडे करायला सांगतो. परीक्षा संपल्यापासून मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत एक, मृग लागल्यावर म्हणजे 7 जूननंतर शाळा उघडेपर्यंत दुसरा. मधला काळ, विशेषतः 25 मेपासूनचा नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, पूर्ण बंद. त्या दिवसांत चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, नागपूर इथला पारा 45 च्या वर जातो, आपण काही फार मागे नसतो. दुसरा तुकडा जास्त मोलाचा, कारण तो थेट शाळेला जोडून येतो आणि आठवलेलं पुन्हा विसरायला वेळ मिळत नाही.

शिकवणार कोण? बारावी झालेली, डीएड किंवा बीए करणारी एखादी मुलगी जवळपास प्रत्येक गावात सापडते. गुरुजी सुट्टीत मोकळे असतात असं गावाला वाटतं. त्यातल्या अनेकांच्या मागे सरकारी कामं लागलेली असतात आणि त्यांनाही घर आहे. त्या मुलीला मानधन द्या. फुकट शिकवणारा उत्साह गावातल्या दुसऱ्या लग्नापर्यंत टिकतो, हे मी अनेक ठिकाणी पाहिलं. दहा-पंधरा घरांनी महिना दोन-तीनशे रुपये काढले तरी तिच्या कॉलेजच्या फीला हातभार लागतो आणि ती वेळेवर येते. तुमच्या 18,000 मधला किती लहान तुकडा लागतो ते बघा.

दोन तासांत काय करायचं याचं वेळापत्रक मी देत नाही. पण एवढं करा: सुरुवातीला अर्धा तास नुसत्या गप्पा, काल काय केलं, वावरात काय दिसलं, त्यातली दोन-तीन वाक्यं फळ्यावर लिहायची आणि तीच वाचायची. लेकराच्या तोंडची वाक्यं असतात, म्हणून ते हिमतीने वाचतं. मग घोळक्यांत वाचन. गणिताला काड्या आणि चिंचोके पुरतात. दहा काड्यांचा गठ्ठा सोडून सुट्ट्या केल्याशिवाय हातच्याची वजाबाकी डोक्यात बसत नाही. तेंदूपत्ता म्हणजे विडीची पानं तोडणाऱ्या गावांत तर गणित दारातच असतं. 70 पानांचा एक पुडका, हिशेब शंभर पुडक्यांवर. घरी तोडून आणलेल्या पानांचे पुडके मोजणारं लेकरू सात पुडक्यांची पानं तोंडी सांगतं, आणि कागदावर 70 × 7 दिलं की गप्प. या दोघांची गाठ घालून द्यायला मास्तर लागतो. वहीभर पाढे लिहून आणायला सांगणारा वर्ग असेल तर मात्र मामाचं गाव बरं.

मुलगी पाचवीत जाते आहे, म्हणून दोन गोष्टी कानावर घालतो. एक, महाराष्ट्रात आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते, विषयात किमान 35 टक्के. आठवीपर्यंत नापास करत नाहीत हे जुनं झालं. नापास झालं तर शाळेने ज्यादा मार्गदर्शन द्यायचं आणि निकालापासून दोन महिन्यांत पुन्हा परीक्षा घ्यायची, असं शिक्षण हक्क कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीत आहे. हे मार्गदर्शन हा लेकराचा हक्क आहे, त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. तुमच्या गावात यंदा पाचवी-आठवीत अडकलेलं लेकरू असेल तर त्याच्या बापाला हे सांगा. पुष्कळांना फेरपरीक्षा झाल्यावरच कळतं.

दुसरं नवोदय, म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा. सहावीच्या प्रवेशाची परीक्षा पाचवीत असतानाच द्यायची असते, एकदाच देता येते, आणि किमान 75 टक्के जागा ग्रामीण भागासाठी असतात. 80 प्रश्न, 100 गुण, दोन तास. त्यातले निम्मे गुण आकृत्यांच्या बुद्धिमत्ता चाचणीचे. फॉर्मला फी नाही. सुट्टीत रोज आकृत्यांचे आठ-दहा प्रश्न सोडवायला हरकत नाही, लेकरांना ते आवडतातही. पण भाषेचे उतारे आणि गणिताची शाब्दिक उदाहरणं वाचूनच सोडवायची असतात. वाचन सरळ झालं की मगच गाइड हातात द्या.

आता मुलगा. दहावीचा व्हेकेशन बॅच म्हणजे बहुतेक ठिकाणी गणित भाग 1 चा पहिला धडा, दोन चलांतील रेषीय समीकरणं, आणि मग वर्गसमीकरणं. त्याला आज संध्याकाळी तीन गणितं द्या: −7 + 3; 2/3 + 1/4; 3x − 5 = 10 असेल तर x किती. तिन्ही न अडता सुटली, नववीच्या बहुपदी आणि वास्तव संख्या या धड्यांतली पाच-सहा उदाहरणंही सुटली, तर तो क्लासमध्ये काहीतरी घेऊन येईल. एकही अडलं, तर तिथं साठ पोरांत मागे बसून फळ्यावरचं उतरवून आणेल. वही भरलेली पाहून तुम्हाला बरं वाटेल. वर्गसमीकरणाचे अवयव पाडताना चिन्हं चुकतात ती दहावीत शिकवल्याने सुधारत नाहीत, ती सहावी-सातवीच्या पूर्णांकांत जाऊन सुधारावी लागतात. माझ्या पाहण्यात गणितात नापास होणारी पोरं अवघड धड्यांवर कमी आणि अपूर्णांक, ऋण संख्या, समीकरणाची बाजू बदलणं यांवर जास्त अडतात.

म्हणून त्याच्यासाठी माझा सल्ला: मेच्या मध्यापर्यंत घरी, रोज सकाळी दोन तास, सातवी-आठवीचं गणित. पुस्तकं शोधत फिरू नका, बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट उतरवता येतात, आणि पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपवर स्कॅन केला की धड्याचे व्हिडिओ मिळतात. नुसते व्हिडिओ बघून गणित येत नाही, तेव्हा सोडवून दाखवायला कोणीतरी हवं. गावात बारावी सायन्सचा पोरगा असेल तर त्याला आठवड्यातून तीनदा बसवा. इंग्रजीसाठी रोज एक परिच्छेद मोठ्याने वाचून त्याचा अर्थ मराठीत सांगायचा, बस. दहावीच्या पुस्तकाला जूनमध्ये हात लावला तरी परीक्षेला आठ-नऊ महिने उरतात.

यवतमाळला पाठवायचंच असेल तर एका परिस्थितीत मी हो म्हणेन. मुलगा पक्का आहे आणि तुमच्या हायस्कूलला गणित-विज्ञानाचा मास्तरच नाही. अशी हायस्कुलं आहेत, त्यात पालकाचा दोष नाही. मग क्लासवाल्यांना पैसे देण्याआधी तिथं जाऊन पाहा. एका बॅचमध्ये किती पोरं? जे सर जाहिरातीत आहेत तेच शिकवणार, की कॉलेजचा पोरगा? राहायची खोली स्लॅबची की टिनाची, पाणी रोज येतं का, दुपारी किती वाजता वर्ग? दुपारी दोनला वर्ग ठेवणाऱ्या माणसाला मे महिना माहीत नाही. पोरगं आजारी पडून परत आलं तर उरलेले पैसे मिळतात का, हे लेखी विचारा. उत्तर देताना त्यांचा चेहरा कसा होतो तेही पाहा.

ज्यांच्या घरी दहावीत एक-दोन विषय गेलेलं लेकरू आहे, त्यांच्यासाठी मात्र माझं मत उलटं आहे. तिथं उन्हाळ्यात खर्च करा आणि आज करा. 2025 मध्ये दहावीचा निकाल 13 मेला लागला आणि पुरवणी परीक्षा 24 जूनला सुरू झाली. मधले सहा आठवडे, तेही भर उन्हाचे. एवढ्यात एक विषय निघतो, पण निकालानंतरचे पहिले दोन आठवडे रडण्यात, बोलणी खाण्यात आणि फॉर्मची तारीख शोधण्यात गेले तर निघत नाही. दोन विषयांपर्यंत राहिले असतील तर एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या सवलतीवर, अकरावीला प्रवेश मिळतो, म्हणून पुष्कळ घरं निवांत होतात. पण अकरावीचा अभ्यास आणि मागचं गणित एकदम ओढताना पोरं दमतात. मुलीच्या बाबतीत तर धोका आणखी मोठा. त्या मे महिन्यातच तिला बघायला पाहुणे यायला सुरुवात होते.

राहिल्या आजी. त्यांचं अर्धं बरोबर आहे, आणि ते अर्धं मेच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचं. त्या काळात दोघांनाही मामाकडे जाऊ द्या. मुलीच्या पिशवीत गोष्टींची दोन पातळ पुस्तकं टाका आणि मामीला रोज रात्री एक पान वाचून दाखवायला सांगा. मामीला वाचता येत नसेल तर उलट चांगलं, पोरगी मास्तरीण होऊन वाचते.

गावात वर्ग बसवायचं ठरलं तर 1 मेच्या आत हालचाल करा. त्या दिवशी झेंडावंदन होतं, निकालपत्रकं वाटली जातात, आणि दुपारपर्यंत मुख्याध्यापक आपल्या गावाला निघतात. मग खोलीची किल्ली महिनाभर कोणाकडे मागायची? त्याआधी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एक ठराव घ्या: एक खोली, पाण्याची टाकी, आणि कपाटातली गोष्टींची पुस्तकं सुट्टीभर वर्गाला वापरायला. ती पुस्तकं एरवी उन्हाळाभर कुलपात पडून असतात. किती नेली याची यादी करून समितीच्या अध्यक्षांनी आणि शिकवणाऱ्या मुलीने सही करावी, म्हणजे जूनमध्ये वाद होत नाही आणि पुढच्या वर्षी मुख्याध्यापक कपाट उघडून देताना कुरकुर करत नाहीत.